लॉकडाउनमध्ये घराची डागडुजी : पावसाआधी एक खोली नीट पुरी कशी करायची

तौक्ते वादळ १७ मे २०२१ रोजी मुंबईच्या किनाऱ्याजवळून गेलं आणि पावसाळा सुरू व्हायच्या आतच अनेक घरांच्या भिंती भिजल्या. कोविडच्या लॉकडाउनमुळे माणसं घरात अडकलेली, समोर पोपडे आलेली भिंत, हाताशी वेळ. मग काम सुरू होतं, पण उलट्या क्रमाने. आधी रंगाची छटा ठरते, मग पुट्टी येते, मग रंग लागतो, आणि ऑगस्टमध्ये त्याच जागी पुन्हा पोपडे आले की ओल कुठून येते याचा शोध सुरू होतो. दुसरीकडे काही जणांनी उत्साहाने बाथरूमच्या लाद्या उचकटल्या. निर्बंधांमुळे प्लंबर येऊ शकत नव्हता, आणि घरातली पाच माणसं एका संडासावर दिवस काढत होती.

हा लेख २०२१ च्या लॉकडाउनसारख्या निर्बंधांत, राहत्या फ्लॅटमध्ये, घरच्याच माणसांनी एक खोली पुरी करण्यासाठी आहे. पूर्ण घराचं काम एकदम काढू नका. एक खोली पुरी झाल्याशिवाय दुसऱ्या खोलीतली खुर्चीसुद्धा हलवू नका. आणि सगळ्या टप्प्यांना लागू असलेला एक नियम आधीच सांगतो: जे काही उघडाल, फोडाल किंवा खरवडाल, ते बंद कोण करणार आणि कशाने करणार हे उघडण्याआधी ठरलेलं असलं पाहिजे. अशा काळात गवंडी गावी गेलेला असतो, दुकान कधी उघडेल सांगता येत नाही, आणि मुंबईत मोसमी पाऊस यायची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे.

## टप्पा १ : परवानगी घ्या आणि नको ती कामं यादीतून काढा

महाराष्ट्र सरकारच्या १३ एप्रिल २०२१ च्या आदेशानुसार मजूर जागेवरच राहत असतील तिथेच बांधकाम चालू ठेवता येत होतं. राहत्या फ्लॅटमध्ये हे जमणारं नव्हतं. म्हणजे असे निर्बंध असताना रोज ये-जा करणारा गवंडी, सुतार, रंगारी धरूच नका. घरच्यांनी आपल्याच घरात भिंत खरवडून रंगवणं वेगळं, पण तेही सोसायटीच्या सचिवांना लेखी कळवून करा. व्हॉट्सअॅपवर चार ओळी पुरतात: कोणती खोली, काय काम, कोणत्या वेळेत ठोकाठोकी होईल, बाहेरचं कोणी येणार नाही. तेव्हा सोसायटीत पाचपेक्षा जास्त सक्रिय कोविड रुग्ण असतील तर ती सूक्ष्म प्रतिबंधित क्षेत्र ठरायची आणि ये-जा करण्यावर बंधनं यायची. तसं असेल तर काम पुढे ढकला.

वरखाली कोणी आजारी आहे का, कोणाची रात्रपाळी आहे का, कोणाच्या मुलाची ऑनलाइन परीक्षा आहे का, हे आधी विचारा. इंटरकॉमवरून पाच मिनिटांत होणारी चौकशी आहे. आजारी माणसाच्या डोक्यावर छिन्नी चालवण्याइतकं कोणतंही काम तातडीचं नसतं.

आता यादीतून ही कामं काढून टाका:

- बाथरूमच्या लाद्या फोडणं, नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी वाहून जायचं जाळीखालचं भांडं) बदलणं. लाद्यांखालचं वॉटरप्रूफिंग एकदा फुटलं की खालच्या घरात गळती ठरलेली.
- भिंतीतले पाइप उघडणं.
- वायरिंगसाठी भिंतीत झिरी मारणं.
- खिडकीची चौकट काढणं.
- कोणतीही भिंत पाडणं किंवा तिच्यात भोक पाडणं. हे लॉकडाउन नसतानाही अभियंत्याच्या सल्ल्याशिवाय करायचं नसतं.
- ॲस्बेस्टॉसचे पत्रे कापणं किंवा घासणं.

सावध : घरात कोणी ऑक्सिजनवर असेल, सिलिंडर असो वा कॉन्सन्ट्रेटर, तर घासकाम आणि ऑइल पेंट दोन्ही बंद. थिनरची वाफ आणि ऑक्सिजन एका घरात नकोत, आणि धुळीने कॉन्सन्ट्रेटरची जाळी तुंबते. कोविडमधून नुकतंच उठलेलं माणूस घरात असेल तरीही थांबा, विशेषतः त्यांना मधुमेह असेल किंवा स्टेरॉइड घ्यावी लागली असतील तर. म्युकरमायकोसिसच्या (‘काळी बुरशी’ म्हणतात त्या आजाराच्या) बाबतीत धूळ आणि बुरशी यांपासून दूर राहायला सांगितलं जातं, आणि ओली भिंत खरवडताना नेमकं तेच उडतं.

## टप्पा २ : ओल कुठून येते ते शोधा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून या टप्प्याला हवे तितके दिवस द्या.

ओलीच्या डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ काढा. रेघेवर तारीख लिहा. तीन-चार दिवसांनी डाग रेघेच्या बाहेर गेला आहे, तिथेच आहे, की आत सरकला आहे ते पाहा. बाहेर गेला तर पाणी अजून येतं आहे. आत सरकला तर भिंत सुकते आहे. रोज नुसतं डोळ्याने पाहून हे कळत नाही, कारण सकाळच्या आणि संध्याकाळच्या उजेडात तोच डाग वेगळा दिसतो.

मग प्लास्टिकची चाचणी करा. पारदर्शक प्लास्टिकचा दीड फूट लांब-रुंद तुकडा डागावर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने पूर्ण बंद करा. कुठूनही हवा जाता कामा नये. पोपडे असतील तिथे चिकटपट्टी धरत नाही, म्हणून कडेपुरती जागा आधी साफ करा. चोवीस तास ठेवा. मग हात न लावता जवळून पाहा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला बारीक थेंब जमले असतील किंवा आतली भिंत गडद झाली असेल, तर ओल भिंतीच्या पोटात आहे. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर ती हवेतली दमट वाफ आहे, भिंतीचा दोष नाही. अशा खोलीला पंखा आणि उघडी खिडकी पुरते. ही चाचणी त्याच भिंतीवर दोन ठिकाणी करा: एक डागावर आणि एक कोरड्या दिसणाऱ्या भागावर.

ओल आहे हे नक्की झालं की ती कुठून येते ते जागेवरून ओळखा.

छताला किंवा भिंतीच्या वरच्या भागाला, पाऊस नसतानाही. वरच्या घराचं बाथरूम किंवा स्वयंपाकघर. लॉकडाउनमध्ये सगळे घरीच असल्याने पाण्याचा वापर वाढतो, आणि आजवर न दिसलेल्या गळत्या दिसू लागतात. वरच्यांना व्हिडिओ कॉलवर नहाणी ट्रॅपभोवतीचा सांधा आणि लाद्यांमधल्या फटी दाखवायला सांगा. फटीतलं ग्राउट (लाद्यांमधलं भरण) निघालेलं असेल तर ते त्यांना स्वतःला भरता येतं: जुनं सैल ग्राउट कोरून काढायचं, फट पूर्ण कोरडी करायची, नवं ग्राउट दाबून भरायचं आणि निदान एक दिवस पाणी टाकायचं नाही. त्यांच्याशी भांडू नका. अशा दिवसांत त्यांच्या हातात तेवढंच असतं.

खिडकीच्या कोपऱ्यात, छज्जाखाली, बाहेरच्या भिंतीवर, पावसानंतर. बाहेरच्या गिलाव्याला तडा आहे किंवा चौकट आणि भिंत यांच्यातली फट उघडी आहे. फट आतून कोरडी असेल तर सिलिकॉन सीलंट भरा. तेवढ्याने सरी अडतील, वाऱ्याचा जोरदार पाऊस अडणार नाही. बाहेरचा तडा बाहेरूनच भरावा लागतो, आणि ते काम सोसायटीचं आहे. अर्ज आत्ताच द्या, फोटो जोडा.

सावध : ग्रिलमधून अंग बाहेर काढून किंवा छज्जावर उतरून तडा भरू नका. एरवीही नको, आणि इस्पितळात खाट मिळायची मारामार असताना तर मुळीच नको.

जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत, तळमजल्यावर, पांढऱ्या क्षारांसह. लोणा लागला आहे. पाणी जमिनीतून वर चढतं. आतून कोणताही रंग लावून हे थांबत नाही. पांढरी भुकटी कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा. पाण्याने धुऊ नका. धुतल्याने क्षार विरघळून पुन्हा भिंतीतच जातात.

संडास-बाथरूमच्या पाठच्या भिंतीला, सतत. भिंतीतला पाइप गळत असण्याची शक्यता. रात्री झोपताना त्या बाथरूमचा कॉक बंद करा, सकाळी उघडा. असं चार-पाच रात्री केल्यावर पेन्सिलची रेघ काय सांगते ते पाहा.

तपासा : प्लास्टिकच्या चाचणीत भिंत ओली निघाली तर या वर्षी त्या भिंतीला पुट्टी आणि रंग नाही. हे ऐकायला कोणालाच आवडत नाही, पण यावर मी ठाम आहे. सुटलेले पोपडे काढा, भिंत उघडी ठेवा, तिच्यापासून कपाट हातभर लांब सरकवा आणि दिवाळीपर्यंत तशीच राहू द्या. बाजारात ‘ओल रोखणारे’ म्हणून जे रंग मिळतात ते आतून लावले की पाणी थांबत नाही, बाजूला सरकतं आणि आजवर चांगली असलेली भिंतही बिघडते. खोलीतल्या बाकीच्या कोरड्या भिंतींचं काम मात्र करता येईल.

स्विचबोर्ड ओल्या भिंतीवर असेल तर त्या खोलीचा एमसीबी (मेन बोर्डावरचा वीज तोडायचा खटका) पाडून ठेवा आणि वायरमनला फोन करा. ते काम स्वतः करायचं नाही.

## टप्पा ३ : मोजा, मग एकदाच खरेदी करा

दहा बाय बाराची खोली, उंची साडेनऊ फूट धरू. चारही भिंतींची लांबी मिळून ४४ फूट, गुणिले साडेनऊ म्हणजे ४१८ चौरस फूट. एक दरवाजा २१ आणि एक खिडकी १६ वजा केली की ३८१ उरतात. छत १२० वेगळं.

एक लिटर इमल्शन (पाण्याचा भिंतीचा रंग) दोन हातांत साधारण ६० चौरस फूट जातं, म्हणजे भिंतींना साडेसहा लिटर. पुट्टी दोन थरांत किलोला १५ ते २० चौरस फूट बसते. पूर्ण भिंतींना घालायची तर २० ते २५ किलो. पण बहुतेक घरांत पूर्ण भिंतीला पुट्टी लागतच नाही. जुना रंग घट्ट असेल तर फक्त पोपडे निघालेल्या जागा भरायच्या, त्याला पाच किलोची पिशवी पुष्कळ होते. एरवी कमी पडलं की खाली जाऊन आणता येतं, म्हणून आपण मोजत नाही. निर्बंधांत ती सोय नसते.

बाकी सामान: पुट्टीच्या दोन पट्ट्या (एक रुंद, एक अरुंद), १०० आणि १८० नंबरचा पॉलिश पेपर, क्रॅक फिलर, जाळीची टेप, प्रायमर, रोलर, दोन इंची ब्रश, मास्किंग टेप, जुन्या चादरी, दोन बादल्या, रिकाम्या सिमेंटच्या किंवा पिठाच्या गोण्या.

मे २०२१ मध्ये जीवनावश्यक दुकानं सकाळी ७ ते ११ उघडी असायची. अशा काळात तुमच्या भागात हार्डवेअर आणि रंगाच्या दुकानाला परवानगी आहे की नाही हे स्थानिक आदेशावर ठरतं, तेव्हा आधी फोन करा, यादी पाठवा, सामान बांधून ठेवायला सांगा. रंग मात्र प्लास्टिकची चाचणी पार पडल्यानंतरच घ्या.

दुकानात तपासा :

पिशवीवरची तारीख. दुकानं बंद राहिली की जुना माल पडून राहतो. सिमेंट तीन महिन्यांपेक्षा जुनं घेऊ नका, त्याची ताकद उतरलेली असते. पुट्टीची पिशवी बाहेरून दाबून पाहा. आत खडे लागले तर परत द्या. खडे चाळून वापरू म्हणणारे लोक भेटतात. खडे झाले याचा अर्थ पिशवीत पाणी शिरलं आणि उरलेली पुट्टीही अर्धी मेली.

रंगाच्या डब्यांचा बॅच नंबर. सगळे डबे एकाच बॅचचे असू द्या. मशीनवर छटा तयार करून घेणार असाल तर छटेचा कोड आणि झाकणावरची चिठ्ठी यांचा फोटो काढून ठेवा.

## टप्पा ४ : खोली रिकामी करा

घरात कोणाचं ऑफिस कुठे आणि कोणाची शाळा कुठे, हे काम संपेपर्यंतचं ठरवा. रात्री झोपायची जागाही ठरवा, कारण ताज्या रंगाच्या खोलीत त्याच रात्री झोपायचं नाही.

सामान खोलीच्या मध्यभागी आणून चादरीने झाका. भिंतीपासून तीन फूट जागा मोकळी हवी, घोडा (दुहेरी पायांची शिडी) नीट उभा राहील इतकी. पंखा, ट्यूब आणि एसी प्लास्टिकने बांधा. काम चालू असताना त्या खोलीतला पंखा आणि एसी चालवू नका. धूळ घरभर जाते आणि एसीच्या जाळीत बसते. दरवाज्याच्या खालच्या फटीत ओलं फडकं ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा.

स्विचबोर्डाच्या आसपास काम करण्याआधी त्या खोलीचा एमसीबी पाडा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. टेस्टर आधी चालू बोर्डावर लावून तो चालतो याची खात्री करा, मग बंद केलेल्या बोर्डावर लावा. एमसीबीवर चिकटपट्टी लावून ‘काम चालू आहे’ असं लिहा, कारण घरातलं कोणीतरी ‘लाइट गेली वाटतं’ म्हणून तो उचलतंच.

सावध : प्लास्टिकचं स्टूल, त्यावर खुर्ची, त्यावर माणूस हा प्रकार नको. घोडा नसेल तर सोसायटीचा मागा. घोड्यावर एकाने चढायचं, दुसऱ्याने खाली उभं राहायचं.

## टप्पा ५ : खरवडा, पण गरजेपुरतंच

बोटाच्या पेराने किंवा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने भिंत वाजवत चला. भरीव आवाज म्हणजे गिलावा धरून आहे. पोकळ आवाज आला तिथे पेन्सिलने गोल करा. गोल तळहाताएवढा असेल तर काढून भरता येईल. त्याहून मोठा असेल तर हात लावू नका. गिलावा एकदा सुटायला लागला की दोन फुटांचा तुकडा सहज खाली येतो, आणि नव्या गिलाव्याला गवंडी लागतो, सात दिवस पाणी मारावं लागतं, रंगाआधी महिनाभर थांबावं लागतं. पावसाआधी हे बसत नाही.

पोपडे रुंद पट्टीने काढा. पट्टी भिंतीला आडवी, जवळजवळ टेकलेली धरा. उभी धरली की गिलाव्यात खाचा पडतात आणि त्या भरण्यात पुट्टी जाते. सहज निघतं तेवढंच काढा. जिथे जोर लावावा लागतो तिथला रंग चांगला आहे, तो राहू द्या. त्याची कड मात्र १०० नंबरच्या पॉलिश पेपरने इतकी उतरती करा की डोळे मिटून बोट फिरवलं तर पायरी लागणार नाही.

जुन्या इमारतीत दारं-खिडक्या आणि ग्रिलवर ऑइल पेंटचे थरावर थर असतात. रंगातल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नसावं हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, म्हणजे त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. तो रंग कोरडा घासायचा नाही. पाणी लावून घासायचा, गाळ फडक्याने टिपून पिशवीत बांधायचा, आणि लहान मुलांना त्या खोलीत येऊ द्यायचं नाही. माझं मत विचाराल तर लहान मूल असलेल्या घरात यंदा ग्रिल आणि खिडक्यांना हातच लावू नका.

बुरशीचे काळे ठिपके असतील तर कोरडे घासू नका, बुरशीचे बीजाणू हवेत उडतात. घरात निर्जंतुकीकरणासाठी आणलेलं सोडियम हायपोक्लोराइट डब्यावरच्या सूचनेप्रमाणे पातळ करून फडक्याने लावा, थोडा वेळ ठेवा, पुसून काढा, भिंत वाळू द्या.

सावध : हायपोक्लोराइट आणि संडास साफ करायचं ॲसिड एका बादलीत, एका फडक्यावर किंवा बंद खोलीत एकामागून एक वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

धुळीसाठी एन-९५ मास्क लागतो. कापडी मास्क बारीक धूळ अडवत नाही. चष्मा घाला. दिवसभर घासकाम केलं की दुसऱ्या दिवशी घसा धरतो आणि घरात सगळे घाबरतात, म्हणून एका वेळी दोन तासांपेक्षा जास्त घासू नका. पण ताप आला, वास येईनासा झाला, तर ‘धुळीने झालं असेल’ म्हणून दिवस काढू नका. काम थांबवा आणि कोविडची चाचणी करून घ्या.

राडारोडा अर्ध्या गोणीपेक्षा जास्त भरू नका, उचलता येत नाही. गोण्या भिंतीकडेने पसरून ठेवा. बाल्कनीत ढीग नको, जिन्यात नको.

## टप्पा ६ : भेगा ओळखा आणि भरा

केसाएवढी, वेडीवाकडी जाळी असेल तर पुट्टी पुरते.

सरळ रेघेत, तुळई आणि विटांची भिंत किंवा खांब आणि भिंत यांच्या सांध्यावर असेल, तर ती भेग हलती आहे. काँक्रीट आणि विटा उन्हात वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. यात नुसती पुट्टी भरली की पुढच्या उन्हाळ्यात तीच रेघ पुन्हा दिसते. अरुंद पट्टीच्या टोकाने भेग चार-पाच मिलिमीटर उघडा, आतली धूळ ब्रशने काढा, ॲक्रिलिक क्रॅक फिलर दाबून भरा, वाळू द्या. फिलर आत बसतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा. मग वरून जाळीची टेप लावून पुट्टीचा पातळ हात द्या.

तुळई-खांबाच्या अंगावरची भेग, गंजाचा तांबूस डाग, काँक्रीट फुगून बाहेर आलेलं असेल, किंवा भेगेत नाणं उभं राहत असेल, तर त्यावर काहीही भरू नका. भरल्याने ती झाकली जाते आणि अभियंत्याला दिसत नाही. फोटो काढा, भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा, सोसायटीला कळवा.

## टप्पा ७ : पुट्टी

सिमेंटची पुट्टी लावण्याआधी उघडी झालेली जागा पाण्याने हलकी ओलावा. कोरडा गिलावा पुट्टीतलं पाणी ओढून घेतो आणि ती भुकटी होऊन सुटते. ओलावा म्हणजे ब्रशने एक हात. पाणी ओघळता कामा नये.

बादलीत आधी पाणी, मग पुट्टी. किलोला साधारण ३५० ते ४०० मिलिलिटर पाणी लागतं, तरी पिशवीवर लिहिलेलं प्रमाण धरा. ढवळा, दहा मिनिटं ठेवा, पुन्हा ढवळा. पट्टीवर घेऊन उलटी केली तर श्रीखंडासारखी धरून राहिली पाहिजे. दोन तासांत संपेल इतकीच भिजवा. घट्ट व्हायला लागलेल्या पुट्टीत पुन्हा पाणी घालून वापरू नका.

पहिला हात खालून वर, दुसरा हात दुसऱ्या दिवशी. दोन्ही मिळून जाडी दीड मिलिमीटरपेक्षा जास्त नको. खोल खड्डा एकाच हातात भरला की मधे चीर पडते. तो दोन-तीन वेळा भरा. पूर्ण वाळल्यावर १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, आणि घासताना मोबाइलचा टॉर्च भिंतीला लागून आडवा धरा. समोरच्या उजेडात सपाट दिसणारी भिंत आडव्या उजेडात सगळे उंचवटे दाखवते.

तपासा : हात फिरवून तळव्याला पांढरी भुकटी लागली तर धूळ उरली आहे. जवळजवळ कोरड्या फडक्याने पुसा. पुसूनही भुकटी येतच राहिली तर पुट्टी धरलेली नाही, ती काढावीच लागेल. तिच्यावर प्रायमर मारून निभावून नेऊ नका.

## टप्पा ८ : प्रायमर आणि रंग

पुट्टी भरलेल्या जागांना प्रायमर हवाच. नाहीतर त्या जागा रंग जास्त पितात आणि दोन हातांनंतरही ठिगळासारख्या उठून दिसतात. पाण्याचा प्रायमर चार ते सहा तासांत वाळतो. पावसाआधीच्या दमट हवेत रात्रभर ठेवा.

क्रम असा: आधी छत, मग भिंती वरून खाली, मग दारं-खिडक्या, सर्वांत शेवटी जमिनीलगतची पट्टी. सगळे डबे एका स्वच्छ बादलीत ओतून एकत्र ढवळा, म्हणजे छटेत फरक राहत नाही. पाणी डब्यावर सांगितलं तेवढंच घाला. रंग पुरवण्यासाठी पातळ केलेला रंग तीन हातांनीही झाकत नाही, आणि शेवटी जास्तच लागतो.

कोपरे, छताची कड, बोर्डाभोवतीची जागा आधी ब्रशने घ्या आणि ती ओली असतानाच रोलर फिरवा. एक भिंत सुरू केली की ती संपेपर्यंत जेवायला उठू नका. मध्येच थांबलात तर जोडाची रेघ कायम राहते. रंग कमी पडतो आहे असं दिसलं तर कोपऱ्यावर थांबा, भिंतीच्या मध्यावर नाही. चौथी भिंत पांढऱ्या प्रायमरवर महिनाभर राहिली तरी चालते.

मास्किंग टेप रंग पूर्ण कडक होण्याआधी, तिरकी ओढून काढा. सामान दोन-तीन दिवसांनी लावा, आणि भिंतीला चिकटवून लावू नका.

सावध : ऑइल पेंट वापरलाच तर थिनर, सॅनिटायझर आणि गॅसची शेगडी यांची एकमेकांशी गाठ पडू देऊ नका. थिनरने पुसलेले हात सॅनिटायझरने नव्हे, साबणाने धुवा. थिनरची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, उघड्यावर पसरून वाळवा.

## टप्पा ९ : काम मध्येच थांबवावं लागलं तर

घरात कोणी पॉझिटिव्ह आलं, इमारत सील झाली, पाऊस लवकर आला. यातलं काहीही होऊ शकतं, तेव्हा थांबायच्या जागा आधीच माहीत असू द्या.

खरवडून झाल्यावर थांबता येतं. प्रायमरनंतरही थांबता येतं. पुट्टीनंतर मात्र थांबू नका. उघडी पुट्टी पावसाळी दमट हवा ओढते आणि तिच्यावर बुरशी येते, म्हणून प्रायमरचा एक हात मारूनच काम ठेवा. सुरू केलेली पुट्टीची पिशवी प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत हवा काढून बांधा आणि जमिनीवर न ठेवता लाकडाच्या फळीवर ठेवा. रंगाच्या डब्याची कड पुसून झाकण घट्ट ठोका, वर खोलीचं नाव, छटेचा कोड आणि तारीख लिहा. रोलर धुऊन वाळवा. आजारी माणसाला त्या खोलीत वेगळं ठेवायची वेळ येणार असेल तर राडारोडा, थिनर आणि घोडा त्याच दिवशी बाहेर काढा आणि फरशी दोनदा ओल्या फडक्याने पुसा.

निर्बंध सैल झाल्यावर रंगारी किंवा गवंडी बोलवाल तेव्हा दर, सामान कोणाचं आणि किती दिवस, हे तिन्ही कागदावर लिहून घ्या. एका वेळी एकाच कामाची माणसं घरात असू द्या, त्यांना स्वच्छ मास्क आणि हात धुवायला साबण द्या, आणि पुन्हा बंद झालं तर झालेल्या कामाचे पैसे त्याच दिवशी चुकते करा. २०२० मध्ये मार्चच्या अखेरीला कित्येक कारागीर अर्ध्या कामावरून, हातात काहीच न पडता गावी गेले. त्यांना फोन करताना पेन्सिलच्या रेघांचे तारखेसह काढलेले फोटो आधी पाठवा, म्हणजे ते पहिल्याच दिवशी योग्य सामान घेऊन येतील.